डाळिंबी की आमसुली?

लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी बदलते. अपचन, बसलेला घसा, मुरगळलेले पाय हे तर ठरलेलेच. पण त्यांच्या जोडीला एक वेगळी मंडळी येऊ लागतात. ‘डॉक्टर, पुढच्या महिन्यात आईचा कार्यक्रम आहे, तोवर तिला जरा ठणठणीत करा,’ असे सांगत येणारी मुले, सुना, लेकी, जावई. कोणाची पंच्याहत्तरी असते, कोणाच्या लग्नाला पन्नास वर्षे झालेली असतात, कोणाचे सहस्रचंद्रदर्शन. घरातल्या थोरांसाठी पैसा आणि वेळ काढावा असे मुलांना वाटते, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. म्हणूनच आज जे लिहिणार आहे, ते कोणाच्या उत्साहावर पाणी टाकण्यासाठी नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एक ताई आपल्या आईला घेऊन आल्या. काकूंना मी वीस वर्षे ओळखतो. मधुमेह, रक्तदाब, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वयाची ८० वर्षे पूर्ण झालेली आणि सहस्रचंद्रदर्शनाचा बेत पक्का झालेला. (दोन पौर्णिमांमधले अंतर साधारण साडेएकोणतीस दिवसांचे, त्या हिशेबाने हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. आपल्या पूर्वजांनी एक्याऐंशीचा आकडा काही उगीच धरलेला नाही.) रक्तदाब मोजून होईपर्यंत ताईंनी कसाबसा धीर धरला आणि मग मोबाइल माझ्यापुढे केला. पडद्यावर रंगांचे पाच चौकोन होते: मोतिया, बदामी, फिकट गुलाबी, राखी आणि चंदेरी.

“ही आमची थीम. डेकोरेटरनं काढून दिलीय. सगळं कसं पेस्टल आहे बघा. पाहुण्यांनाही याच रंगांत यायला सांगितलंय. आईची साडी मोतिया आणि काठ चंदेरी. फोटो काय सुंदर येतील!”

मी मोबाइल काकूंसमोर धरला. “काकू, तुम्हाला कसे वाटले हे रंग?”

त्यांनी चष्मा पुढे-मागे करून पाहिले. “कुठले रंग? सगळा एकच दिसतोय की.”

ताई हसल्या. मला मात्र हसू आले नाही. त्याला कारण आहे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही माझ्या वडिलांचा अमृतमहोत्सव केला. एका सुंदर सभागृहात, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांत. तो रंग मीच पसंत केला होता. सोज्वळ दिसतो म्हणून. व्यासपीठाला पांढरा गालिचा, पायऱ्यांनाही तोच, खाली पायघड्याही तशाच. सत्कार झाला, शाली झाल्या, दादा छान बोलले. मग त्यांचा जीवनपट पडद्यावर दाखवायचा म्हणून सभागृहातले दिवे मंद केले आणि दादांना खाली पहिल्या रांगेत येऊन बसायला सांगितले. ते व्यासपीठावरच्या झगझगीत प्रकाशातून अंधारात उतरू लागले. पायऱ्या तीन होत्या. त्यांना दोनच दिसल्या.

मांडीच्या हाडाची मान मोडली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली, दादा वॉकर धरून चालूही लागले. पण रोज सकाळी सायकलीवर मंडईत जाऊन भाजी आणणारा माणूस त्या संध्याकाळी जो थांबला, तो थांबलाच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला वर्षभर ठाऊक होते. ‘कार्यक्रम उरकला की करून टाकू,’ असे मीच म्हटले होते. त्या समारंभाचा अल्बम आमच्याकडे आहे. फोटो खरोखरच सुंदर आले आहेत.

तेव्हापासून सोहळ्याची आखणी हा मला वैद्यकीय विषय वाटतो, आणि रंग तर विशेषच.

वयाबरोबर डोळ्यांत काय घडते, ते आधी समजून घेऊ. बुबुळामागे असणारे नैसर्गिक भिंग तरुणपणी काचेसारखे स्वच्छ असते. चाळिशी-पन्नाशीनंतर ते हळूहळू पिवळसर आणि पुढे तपकिरी होत जाते. जुन्या काचेवर चहाच्या पाण्याचा हात फिरवल्यासारखे. असे पिवळे भिंग निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश अडवते. त्यामुळे निळा आणि हिरवा यांत गल्लत होते, जांभळा मळकट दिसतो, गडद निळा काळाच वाटतो. (आजोबा एक काळा आणि एक निळा मोजा घालून निघाले, तर ती विसराळूपणाची खूण समजू नका, आधी डोळे तपासा.) पांढरा, मोतिया, फिकट पिवळा, बदामी हे सारे एकाच रंगाचे होऊन जातात. याशिवाय बाहुली लहान होते आणि अंधारात पुरेशी उघडत नाही. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. मोतीबिंदू असेल तर आत आलेला प्रकाशही विखुरतो, आणि समोर दिवा असला की सगळे धुरकट दिसते.

हे बदल इतके सावकाश होतात की ज्याला होतात त्याला कळतच नाहीत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची गोष्ट नेत्रतज्ज्ञांत प्रसिद्ध आहे. १९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदूचे निदान झाले, पण शस्त्रक्रियेच्या भीतीने त्यांनी ती १९२३ पर्यंत टाळली. त्या काळातली त्यांची कमळतळ्याची आणि बागेतल्या पुलाची चित्रे पाहिली, तर पूर्वीचे निळे-हिरवे तरल रंग जाऊन तिथे लाल, तपकिरी, मातकट रंग आलेले दिसतात. बाग तीच होती. भिंग बदलले होते. ज्याचे सारे आयुष्य रंगांत गेले त्याची ही गत, तर आपल्या आईने मोबाइलवरचे पाच चौकोन ओळखावेत ही अपेक्षा जरा जास्तच.

माझ्या एका वृद्ध रुग्णाची आठवण या निमित्ताने येते. मोतीबिंदूच्या सुरुवातीच्या काळात काहींना एकाच डोळ्याने एका वस्तूच्या दोन-तीन प्रतिमा दिसतात, आणि काळ्या आकाशातला चंद्र त्यासाठी फार सोयीचा. हे गृहस्थ मला म्हणाले, “डॉक्टर, मला रोज रात्री चार-चार चंद्र दिसतात. माझं सहस्रचंद्रदर्शन केव्हाच होऊन गेलं. आता मुलांचा खर्च वाचवा.”

असो. मुद्दा हा की, वयस्कर डोळ्यांसाठी रंग निवडताना ‘कोणता रंग’ यापेक्षा ‘कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग’ हा प्रश्न मोठा आहे. दोन रंगांतला उजेड-काळोखाचा फरक जितका ठळक, तितकी वस्तू डोळ्यांना सुटी दिसते. फिकट गुलाबीवर राखी हे तरुण डोळ्यांना तलम वाटते. ऐंशीच्या डोळ्यांना ते धुके असते. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. जी सजावट ठरवली आहे तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यातले रंग घालवून तो कृष्णधवल करा. टेबलावर ताट उठून दिसते का? जमिनीवर खुर्ची दिसते का? पायरीची कड दिसते का? ज्या दोन गोष्टी त्या फोटोत एकमेकींत मिसळल्या, त्या आजी-आजोबांच्या डोळ्यांतही मिसळणार असे धरून चाला. ही काही अचूक वैद्यकीय तपासणी नव्हे, पण पाच मिनिटांत पुष्कळ चुका पकडून देते.

जेवणाच्या पानापासून सुरुवात करा, कारण तिथे हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. हल्ली समारंभात पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरी चिनी मातीची ताटे मांडायची पद्धत आहे. त्यात पांढरा भात, फिके वरण, पांढरी कोशिंबीर, वर पांढरे मीठ. मोतीबिंदू असलेल्या माणसाने यातले काय शोधावे? तो चमचा कुठेतरी बुडवतो, सांडते, चारचौघांत लाज वाटते आणि मग ‘भूक नाही’ म्हणून तो हात आखडतो. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. अल्झायमरच्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांतून खायला-प्यायला दिले, तेव्हा त्यांचे खाणे २५ टक्क्यांनी आणि पेयांचे सेवन ८४ टक्क्यांनी वाढले. रुग्ण फार थोडे होते, म्हणून त्यावर मोठे सिद्धान्त उभारू नयेत. परंतु ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी एक गडद रंगाची वाटी-थाळी आणून पाहायला काय हरकत आहे? आणि आपल्याकडे तर याचे उत्तर परसदारीच आहे. केळीचे पान! हिरव्यागार पानावर पांढरा भात, पिवळे वरण, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वर मधोमध मीठ. जागा ठरलेल्या आणि रंग सुटे. ही मांडणी ज्याने कोणी बसवली त्याने वृद्धांचा विचार केला होता की नाही, ठाऊक नाही. पण नजर अधू झालेला माणूसही त्या पानावर चुकत नाही. स्टीलचे ताट वाईट नाही, पण ते झगझगीत दिव्याखाली चमकते आणि ती चमक डोळ्यांत जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता पायांखाली पाहू. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंद, गडद किंवा ठळक पिवळी पट्टी लावून घ्या. डेकोरेटर म्हणेल, ‘लूक जातो.’ जाऊ द्या. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. फुलांच्या माळांनी मढवलेला, हात लावला की हलणारा नव्हे, खरा कठडा. सर्वांत उत्तम म्हणजे व्यासपीठच नको. उत्सवमूर्तींना पाहुण्यांच्या पातळीवर बसवा आणि मागे रंगीत पडदा लावा. फोटोत काही कमी पडत नाही. चाकाची खुर्ची असेल तर उताराची फळी हवी, आणि एक फूट उंचीसाठी ती बारा फूट लांब हवी. अनेक कार्यालयांत फूटभर उंचीला तीन-चार फुटांची फळी टाकतात. तो उतार नव्हे, घसरगुंडी होते.

ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी. फिकट फरशीवर मधोमध टाकलेला काळा किंवा गर्द गालिचा त्यांना खड्डा वाटू शकतो. चकचकीत फरशी ओली वाटते. मग ते दारातच थबकतात, आणि मागून सून म्हणते, “चला ना बाबा, सगळे थांबलेत.” बाबा हट्ट करत नसतात, त्यांना समोर खरोखरच खड्डा दिसत असतो. तो गालिचा काढला की ते निमूटपणे आत येतात.

फुलांच्या पायघड्या आणि पुष्पवृष्टी यांविषयी मी थोडा कडक आहे. गुळगुळीत फरशीवर चुरडलेल्या पाकळ्या साबणासारख्या घसरतात. रांगोळीचेही तसेच. रांगोळी दाराच्या बाजूला काढा, वाटेत नको. पाकळ्या उधळायच्याच असतील तर उत्सवमूर्ती खुर्चीत बसल्यावर उधळा आणि त्या उठण्यापूर्वी कोणाला तरी केरसुणी घेऊन उभे करा. ८१ दिव्यांनी औक्षण करायची आपली पद्धत मला फार सुंदर वाटते. त्या वेळी रेशमी पदर खोचलेला असावा, तबक धरणाऱ्याने हातभर अंतर ठेवावे आणि घरात कोणाला ऑक्सिजन सुरू असेल तर तो माणूस त्या खोलीत नसावा.

खुर्चीविषयी दोन शब्द. हल्ली ज्याला सिंहासन म्हणतात तो भलामोठा, मऊ, खोल कोच वृद्धांना सोसत नाही. त्यात बसले की गुडघे वर येतात, आणि उठताना तिघांनी ओढावे लागते. हात असलेली, टणक बैठकीची, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची हवी. पाहुण्यांच्या खुर्च्यांवरचे पांढरे साटिनचे अभ्रे दिसायला छान, पण बसणारा त्यावरून घसरतो. आणि पांढऱ्या फरशीवर ती पांढरी खुर्ची नेमकी कुठे संपते हे न कळल्याने काही जण कडेवरच टेकतात.

उजेड भरपूर हवा, पण तो डोक्यावरून किंवा बाजूने यावा, समोरून डोळ्यांत नव्हे. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा उत्सवमूर्तींच्या पाठीमागे लावल्या तर त्या पाहुण्यांना दिसतील. समोर लावल्या तर उत्सवमूर्तींना पाहुण्यांचे चेहरेच दिसणार नाहीत. सभागृह मध्येच अंधारे करू नका. चित्रफीत दाखवायची असेल तर सर्व जण बसल्यावर, आणि ती संपून दिवे लागल्यानंतर मिनिटभर कोणाला उठू देऊ नका. वयस्कर डोळ्यांना प्रकाशाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. शक्य असेल तर सोहळा सकाळीच करा. सूर्यप्रकाशासारखा दिवा कोणत्याही डेकोरेटरकडे मिळत नाही, आणि त्याचे भाडेही पडत नाही.

इतर गोष्टी तुम्हांला ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. ध्वनिक्षेपकाचा कर्णा उत्सवमूर्तींच्या कानाशी नको. वयाने मंद झालेल्या कानांना मोठा आवाज अधिक टोचतो आणि शब्द मात्र अधिक अस्पष्ट होतात. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत बसू नये. जेवण तासभर लांबले तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. म्हणून त्यांचे जेवण ठरल्या वेळी, भाषण गेले तरी चालेल. स्वच्छतागृह कुठे आहे ते आल्याबरोबर दाखवून ठेवा, नाहीतर ‘मध्येच उठावे लागेल’ या धास्तीने ही मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दोन-दोन तास उभे राहून आशीर्वाद द्यायला लावू नका. बसून दिलेला आशीर्वादही लागतो. जेवणानंतर रक्तदाब उतरतो, तेव्हा पान संपल्यावर लगेच उठवू नका. आणि शालींचा ढीग खांद्यांवर नको, हातांत द्या. मे महिन्यात एका आजोबांना सात शालींखाली घेरी आलेली मी पाहिली आहे.

पुन्हा काकूंकडे येतो. मी ताईंना यांतले बरेचसे सांगितले, दादांचेही सांगितले. त्या गंभीर झाल्या. मग मी काकूंना विचारले, “तुम्हाला काय हवंय?”

“माझं काय,” काकू म्हणाल्या, “मुलांच्या मनात आहे तसं होऊ दे.”

वृद्धांचे हे उत्तर मी हजारदा ऐकले आहे आणि ते मी कधीच खरे मानत नाही. म्हणून मी गप्प बसलो. दवाखान्यात मौन फार उपयोगी पडते. थोड्या वेळाने त्या लेकीकडे न पाहता म्हणाल्या, “हे गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून फिकंच नेसतेय. कोणी सक्ती केली नाही हो, पण गडद कोणी आणलंही नाही. आधी लोक काय म्हणतील म्हणून फिकं, आता फोटोत बरं दिसतं म्हणून फिकं. मला तर ते दिसतही नाही.”

ताईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हेरवाडच्या लोकांविषयी मला फार आदर वाटतो. पण सुशिक्षित, शहरी घरांत अशी एखादी प्रथा मोडायला ठराव करता येत नाही, कारण ती प्रथा आहे हेच कोणाच्या लक्षात नसते. तिथे फक्त आईच्या कपाटात फिकट साड्या वाढत जातात. प्रेमाने आणलेल्या, महागाच्या, फिकट साड्या.

“कोणता रंग आवडतो, काकू?” मी विचारले.

“डाळिंबी,” त्या लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच की, हे उत्तर बराच काळ तयार असावे.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून जो बेत ठरवला, त्यात ताईंची थीम पूर्णपणे गेली नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. भिंतींवर आणि पडद्यांवर मोतिया-गुलाबी राहिले, कारण भिंतीला कोणी अडखळत नाही. पण जिथे पाय ठेवायचा, जे हातात धरायचे, जे खायचे आणि जिथे बसायचे, ते सगळे ठळक करायचे ठरले. डाळिंबी रंग मंद उजेडात काळपट दिसतो, म्हणून काकूंच्या खुर्चीची पाठ फिकट आणि खिडकी त्यांच्या बाजूला. म्हणजे फिकट रंग अखेर कामाला आलेच. फक्त काकूंच्या अंगावरून खुर्चीवर गेले. डोळ्यांसाठी मी त्यांना त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. पूर्वी मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत. आता तशी गरज नसते, रोजच्या कामांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा. परंतु काकूंची रक्तातली साखर वाढलेली होती, ती आटोक्यात आणून मगच तारीख देऊ, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. साहजिकच सोहळा आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, असा क्रम पुन्हा एकदा आला. या वेळी मी पायऱ्या स्वतः जाऊन पाहिल्या.

पायऱ्या नव्हत्याच. सोसायटीच्या तळमजल्यावरचे सभागृह, सकाळचे साडेदहा, साठ-सत्तर माणसे. काकू डाळिंबी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, आणि मग स्वतःच्या केसांतला गजरा काढून त्यांच्या अंबाड्यात माळला. कोणी काही बोलले नाही. साडेबाराला टेबलांवर केळीची पाने मांडली गेली. मी काकूंच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी उजव्या हाताने पानावरचे मीठ चिमटीत घेऊन भातावर घातले आणि म्हणाल्या, “घरी रोज विचारावं लागतं, मीठ कुठाय म्हणून.” जिलबी त्यांनी एक खाल्ली. दुसरी वाढायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी पंख्याकडे.

फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आठवडाभराने रक्तदाब दाखवायला आल्या, त्या हातात पिशवी घेऊनच. पिशवीतून त्यांनी ती साडी बाहेर काढली, टेबलावर पसरली, एका हाताने डावा डोळा झाकून पाहिली, मग हात बदलून उजवा झाकून पाहिली.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “या डोळ्यानं बघितली की डाळिंबी आणि त्या डोळ्यानं बघितली की आमसुली. मी त्या दिवशी नेसले होते ती कुठली?”